भाचीला डॉक्टर व्हायचंय, नीटला ३८२ आले, दाजी जमीन विकून परदेशात पाठवायला निघालेत. काय करावं?

चाकणवाला_मामा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथं लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी चाकणला कंपनीत आहे, मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरीकडचा. प्रश्न माझ्या भाचीचा आहे. यंदा २०२५ च्या नीटला तिला ७२० पैकी ३८२ पडले. बायोला २४८, केमिस्ट्रीला ८८ आन् फिजिक्सला फक्त ४६. ओबीसी आहोत, दाजींची साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर, म्हणजे उत्पन्न काय असणार तुम्हीच समजा.

पोरगी हुशार आहे हे मी मामा म्हणून नाही सांगत, दहावीला तालुक्यात नाव होतं तिचं. पण ज्युनिअर कॉलेजला फिजिक्सचे सर तासिका तत्त्वावरचे, ते दिवाळीनंतर आले आन् फेब्रुवारीत गेले, बाकी सगळं हिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं. क्लास लावायचा तर लातूर नाहीतर नांदेड, तेवढे पैसे तेव्हा नव्हते.

आता झालंय असं की नांदेडचा एक एजंट घरी येऊन गेला. किर्गिझस्तान, सहा वर्षं, खाणं-राहणं-विमान सगळं मिळून बावीस लाख, 'एनएमसी मान्यताप्राप्त' (एनएमसी म्हणजे डॉक्टरकीच्या शिक्षणावरची केंद्राची संस्था), पंधरा दिवसांत एक लाख टोकन भरा नाहीतर सीट जाईल म्हणतो. दाजींनी दोन एकराला गिऱ्हाईक पण बघितलं. अक्का रोज रात्री मला फोन करून रडते. एकदा जमीन गेली की परत येत नाही हे त्यांनाही कळतं, पण पोरीचं तोंड बघवत नाही.

तिला डॉक्टरच का व्हायचंय तेही सांगतो. चार वर्षांमागं तिची चुलती बाळंत झाली आमच्या आरोग्य केंद्रात. बाळ ठीक होतं पण रक्त थांबेना. डॉक्टरची जागा तेव्हा कित्येक महिने रिकामी, सिस्टर एकट्या, त्यांनी जमेल ते सगळं केलं, गाडी बोलावली, पण नांदेडच्या अलीकडंच चुलती गेली. ही पोरगी तेव्हा नववीत, गाडीत मागं बसलेली, चुलतीचे पाय धरून. त्या दिवसापासून तिचं एकच आहे, मी डॉक्टर होणार आन् इथंच येणार.

तर मला विचारायचंय की बाहेर पाठवावं का, रिपीट करावं का, का बीएएमएस (आयुर्वेदाचं) घ्यावं? आन् अजून एक मनातलं, आता तर हिंगोलीतच सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, गेल्या वर्षी पहिली बॅच बसली, मग आमच्यासारख्यांच्या लेकरांना जागा का मिळत नाही?

बिश्केकहून_परत

मामा, टोकन भरू नका. आधी हे वाचा मग ठरवा.

मी २०१७ ला किर्गिझस्तानातच, बिश्केकला गेलो, जळगाव जिल्ह्यातला आहे, माझ्या वडलांनी पण शेतच विकलं होतं. आज मी इंटर्नशिप करतोय म्हणजे माझं झालं एकदाचं, पण कसं झालं ते ऐका. आमच्या रूमवर आम्ही चार मराठी पोरं. एक जण परत आल्यावर एफएमजीई (बाहेरून शिकून आलेल्यांना इथे द्यावी लागते ती परीक्षा) पहिल्या झटक्यात पास झाला, मी तिसऱ्या वेळेला, बाकीचे दोघे अजून देतायत, त्यातला एक दिवसा मेडिकल दुकानात बसतो आणि रात्री अभ्यास करतो. ही परीक्षा म्हणजे ३०० प्रश्न, १५० बरोबर आलेच पाहिजेत, वर्षातून दोनदा होते, आणि २०२४ च्या ज्या परीक्षेत मी पास झालो त्यात साधारण पाचातला एकच पास झाला होता. एजंट हे सांगत नाही, तो फक्त पांढऱ्या कोटातले फोटो दाखवतो.

'एनएमसी मान्यताप्राप्त' हे तर सरळ खोटं आहे. एनएमसी परदेशातल्या कॉलेजांची कसलीच मान्य यादी काढत नाही. त्यांचे फक्त नियम आहेत, नोव्हेंबर २०२१ चे, त्यात बसलं तर ठीक नाहीतर सहा वर्षं पाण्यात. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, शिकवणं इंग्रजीतून पाहिजे, त्याच कॉलेजात वर १२ महिने इंटर्नशिप पाहिजे, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून तिथल्या माणसांसारखं रजिस्ट्रेशन मिळण्याची पात्रता पाहिजे. मग इथे येऊन एफएमजीई आणि मग परत इथली इंटर्नशिप. एजंटला एवढंच म्हणा की या चारही गोष्टी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून आणून द्या. बघा परत येतो का.

आणि खरी अडचण वेगळीच आहे जी मला तिथे गेल्यावर कळली. पुस्तक इंग्रजी पण पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलणार. वॉर्डात आम्ही पंधरा-वीस जण एका खाटेभोवती उभे, डॉक्टर बोलतायत, पेशंट बोलतोय, आम्हाला निम्मं कळत नाही. सहा वर्षांत मी माझ्या हाताने एकदाही सलाइन लावलं नव्हतं. भारतात इंटर्नशिपच्या दुसऱ्या दिवशी एका आजीच्या हातात पहिल्यांदा सुई घातली, माझाच हात थरथरत होता, आजी म्हणाल्या घाल बाळा घाल काही होत नाही. ते मी विसरणार नाही.

२०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये परदेशी पोरांच्या होस्टेलवर हल्ले झाले तेव्हा माझे ज्युनिअर तीन दिवस खोलीतून बाहेर पडले नव्हते. त्याआधी २०२२ ला युक्रेनमधून हजारो पोरं अर्धवट शिक्षण सोडून परत आली. एकट्या पोरीला पाठवताना हेही धरा. सगळीच कॉलेजं वाईट असतात असं नाही, मन लावून अभ्यास करणारा तिथूनही होतो, पण जमीन विकून नका पाठवू मामा.

नाशिककर_बाबा

राग मानू नका पण कोणीतरी बोललं पाहिजे. ३८२ मार्कांवर डॉक्टर व्हायचा हट्ट कशाला? माझ्या मुलीला ४९८ आहेत, आम्ही ओपन, दोन वर्षं घासली तिने, आणि तरी सरकारी मिळेल असं वाटत नाही. उद्या आपल्या घरातलं माणूस ऑपरेशनला असेल तेव्हा आपण मार्क बघू की नाही? डॉक्टर कमी आहेत म्हणून कोणालाही आत घ्या असं होऊ नये. तुमच्या घरी जे झालं ते वाईट झालं, पण पोरीला दुसरं काहीतरी चांगलं करू द्या.

पीएचसी_डॉक्टर

बाबा, तुमच्या मुलीच्या दोन वर्षांचं मला खरंच वाईट वाटतं, पण मार्कांबद्दल मी सहमत नाही, आणि जरा लांब लिहितो कारण हा विषय मी रोज जगतोय.

मी बीड जिल्ह्यातला, अंबाजोगाईच्या स्वाराती मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं. ते कॉलेज १९७४ चं, आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून सांगतात. आता नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मेडिकल ऑफिसर आहे. बॉन्डवर आलो होतो. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाही केली तर १० लाख भरायचे. माझं वर्ष संपून गेलं, मी थांबलो. माझ्या बॅचमधले कित्येक जण थांबले नाहीत आणि त्यांना मी दोष देत नाही, पीजीची तयारी इथे करायची कशी, रात्री लाइट नसते आणि नेट तर त्याहून नसतं.

गेल्या पावसाळ्यात पहाटे चारला एका पाड्यावरून बारा वर्षांच्या पोराला बांबूलन्समधून आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बांबूला झोळी बांधून दोघं खांद्यावर उचलतात ती आमची ॲम्ब्युलन्स. बाप पावरी बोलीत सांगत होता, पोट दुखतंय पोट दुखतंय. मी पोटच तपासत होतो. आमची सिस्टर इथल्याच गावची आहे, तिने कंदील पोराच्या तोंडाजवळ नेला आणि म्हणाली सर याच्या पापण्या बघा. पापण्या अर्ध्या उतरलेल्या. मण्यार. जमिनीवर झोपलेल्या पोराला रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, पोट दुखतं आणि मग पापण्या पडायला लागतात. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) दहा व्हायल दिल्या, पण श्वास बसत चालला होता. मग नंदुरबारपर्यंत अडीच तास मी आणि सिस्टर आळीपाळीने आंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत गेलो. घाटात गाडी वळली की मी पडायचो आणि ती दाबायची. पोरगं वाचलं, पुढच्या महिन्यात आंबाडीची भाजी घेऊन बापाबरोबर आलं होतं.

हे इथे लिहायचं कारण असं की त्या रात्री ज्या माणसाने ओळखलं ती कमी मार्कवाली, जीएनएम (नर्सिंग) झालेली, त्याच पाड्यांमधली पोरगी होती. तिला भाषा येते, तिला माहीत आहे की इथे लोक जमिनीवर झोपतात. माझे मार्क तिच्यापेक्षा खूप जास्त होते आणि मी पोट दाबत बसलो होतो. मार्क नकोत असं माझं म्हणणं नाही, एमबीबीएसचा अभ्यास झेपला पाहिजे. पण ३८२ म्हणजे मठ्ठ पोरगी नाही हो. बायोला २४८ घेऊन बसलीय, तेही स्वतःच्या जोरावर. ४६ आलेत ते फिजिक्सला मास्तर नव्हता म्हणून.

मामांनी विचारलं कॉलेज गावात आलं तरी जागा का नाही. राज्यात पूर्वी ७०:३० चा फॉर्म्युला होता, आपापल्या विभागातल्या कॉलेजात ७० टक्के जागा तिथल्या पोरांना. कॉलेजं मुंबई-पुण्याकडे जास्त म्हणून मराठवाड्यातल्या आपल्याच पोरांचं नुकसान व्हायचं, ते २०२० च्या सप्टेंबरात रद्द झालं आणि ते बरंच झालं. पण मग आता हिंगोलीच्या कॉलेजातल्या शंभर जागांवर राज्यातलं कोणीही पोरगं येऊ शकतं, आणि १५ टक्के तर ऑल इंडिया कोट्यात जातात. कॉलेज हिंगोलीत असलं म्हणून डॉक्टर हिंगोलीचा होत नाही. तमिळनाडूने २०२० मध्ये एक केलं, सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांना मेडिकलच्या ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. नीट पास व्हावंच लागतं, पण स्पर्धा मग आपल्यासारख्याच शाळेतल्या पोरांशी होते. आपल्याकडे हे का होऊ नये मला कळत नाही. झेडपीच्या शाळेतली पोरगी परत झेडपीच्या दवाखान्यात येण्याची शक्यता मुंबईच्या पोरापेक्षा किती जास्त आहे हे आम्ही इथे रोज बघतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याकडच्या सगळ्यांना माहीत असतील. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, नागपूरच्या सरकारी कॉलेजात शिकला, महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीला गेला. कोकणात तेव्हा विंचू चावून माणसं पटापट मरायची. त्यांनी पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून प्राझोसिन नावाची साधी रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली आणि ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. खेड्यातल्या पोराला परवडणारी सरकारी जागा मिळाली म्हणून ते झालं.

जीएमसीतली_मॅडम

मी एका सरकारी कॉलेजात शिकवते, नाव नको. वरच्या डॉक्टरांचं सगळं पटलं, एकच भर घालते. २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली, हिंगोली, जालना, बुलढाणा, वाशिम, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई, सगळ्यांच्या मिळून ९०० जागा. देशात २०१४ ला एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, आज १ लाख १५ हजारांच्या वर आहेत. म्हणजे जागा वाढत नाहीत असं नाही. शिकवणारे तेवढे वाढले नाहीत. माझ्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी भरलेली, त्यातलेही काही कंत्राटी, आणि इन्स्पेक्शन आलं की आमच्यातल्याच कोणाची तरी दुसऱ्या जिल्ह्यात ऑर्डर निघते, मग पोरं इथे बसून राहतात. मला याचा फार त्रास होतो कारण ॲनाटॉमीच्या टेबलाभोवती आठ पोरं असली तर शिकतात, पंचवीस असली तर मागची फक्त टाचा वर करून उभी राहतात.

पण मामा, नव्या कॉलेजला नावं ठेवू नका. त्याच्यामुळे जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ चोवीस तास असण्याची सोय हळूहळू होते. तुमच्या भाचीच्या चुलतीसारखी केस नांदेडपर्यंत न्यावी लागू नये हे त्यानेच होईल.

फिजिक्सचे_सर_लातूर

मी क्लासमध्ये शिकवतो, पण क्लासची जाहिरात करत नाही, कामाचं तेवढंच सांगतो.

एक, मार्क बघू नका, रँक बघा. २०२४ ला ७२० पैकी ७२० वालेच आधी ६७ होते, सुप्रीम कोर्टात जाऊन शेवटी १७ राहिले. यंदा देशात पहिला आला त्याला ६८६ आहेत. फिजिक्सचा पेपर यंदा भल्याभल्यांना सुटला नाही. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कट-ऑफशी तुलना करून रडू नका.

दोन, आणि हे नीट वाचा मामा, कारण गावाकडच्या शंभरातल्या नव्वद पालकांना हे माहीत नसतं. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅप राउंडमधून (सरकारच्या प्रवेश फेरीतून) लागलेल्या जागेची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. त्यात वैद्यकीय शिक्षण पण आहे, आणि खाजगी कॉलेज पण आहे, फक्त अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा नाही. म्हणजे तुमची भाची सरकारीच लागलं पाहिजे म्हणून बसलीय, पण खाजगीची कॅपमधली जागा लागली तरी दोन एकर वाचतात. होस्टेल-मेसचा खर्च राहतोच, आणि काही कॉलेजं आधी पूर्ण फी भरा मग बघू म्हणतात, तेव्हा जीआरची प्रत हातात ठेवा आणि लेखी मागा.

यंदाच्या रँकवर खाजगी एमबीबीएस पण अवघडच दिसतं, खोटी आशा देत नाही. पण रिपीट केलं तर तिचं टार्गेट लय लांब नाही. बायोला ती आधीच बरी आहे. फिजिक्सला ४६ वरून १०० वर नेणं एका वर्षात होतं, मी दरवर्षी बघतो. १८० पैकी १६० घ्यायच्या नादाला लागू नका, आधी मेकॅनिक्स आणि करंट पक्कं करा, मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा. वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची त्यालाही बंधन नाही.

तीन, जात वैधता. काढलीय का? नॉन-क्रिमीलेयर? दरवर्षी एखादं तरी पोरगं रँक असून कागदापायी घरी बसतं.

१०८_वाला

बीएएमएस बद्दल मी सांगतो, मी बीएएमएस आहे, सहा वर्षं १०८ वर काढली, आता उपकेंद्राला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. बीएएमएस घ्यायचं तर आयुर्वेद शिकायचंय म्हणून घ्या, एमबीबीएस नाही मिळालं म्हणून घेतलं की साडेपाच वर्षं पोरगं मनातल्या मनात कुढतं. माझं पहिली दोन वर्षं तसंच झालं. पण गावात राहून लोकांचं काम करायचं असेल तर बीएएमएसवाला रिकामा बसत नाही हे पण खरं. १०८ मध्ये रात्री तुमच्याबरोबर जो डॉक्टर येतो तो बहुतेक वेळा आमच्यातलाच असतो. मी गाडीत अकरा बाळंतपणं केली, त्यातलं एक रेल्वे फाटक बंद असताना.

पोरीला विचारा, आम्ही मोठी माणसं आपसातच ठरवतोय.

चाकणवाला_मामा

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री शिफ्टवरून आलो आन् हे सगळं अक्काला फोनवर वाचून दाखवलं, स्पीकरवर दाजी पण ऐकत होते, मण्यारीचं ऐकताना दाजी मधीच उठून गेले, परत आले.

एजंटला बिश्केकवाल्या डॉक्टरांनी सांगितल्या त्या चार गोष्टी लेटरहेडवर मागितल्या. तो म्हणाला सीट मिळाल्यावर देतो. दाजींनी त्याला सांगितलं मग टोकन पण सीट मिळाल्यावरच देतो. तेव्हापासून फोन नाही.

नाशिककर बाबा, तुमचा राग आला होता आधी, आता नाही. तुमच्या पोरीला पण लागू दे. ४९८ कमी नाहीत.

१०८ वाले डॉक्टर, विचारलं तिला. ती म्हणाली, मामा मला एक वर्ष द्या, फक्त फिजिक्सला कोणीतरी द्या. बीएएमएसचा फॉर्म पण भरून ठेवणार आहे, पण मन तिचं तिकडं नाही हे दिसतंय.

लातूरच्या सरांचा जीआर आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. आन् वैधता काढलेली नाही. दहावीला शाळेनं सांगितलं होतं पण राहूनच गेलं. तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला पाहिजे म्हणतात, आजोबा दुसरीपर्यंतच शिकलेले, ती शाळा आता दुसऱ्या गावात जोडलीय. दाजी सोमवारी तिथं जाऊन जुनं प्रवेश रजिस्टर शोधायला लावणार आहेत, मी पण सुट्टी टाकलीय. कोणाला माहीत असेल तर सांगा, रजिस्टरचं ते पान फाटलेलं निघालं तर पुढं कुठं अर्ज करायचा?